रिकाम्या उड्या

शिडी परत आली तेव्हा कप्तान नेटची दोरी खांबाला आवळत होती. हॉलचं दार करकरलं, सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या आणि बॉल आपटायचे आवाज एकेक करून थांबले. दारात शिडी उभी होती. खांद्याला जुनीच बॅग, गुडघ्याला नवा पट्टा. सगळे तिला शिडी म्हणत ते उगाच नव्हतं; ती इतकी उंच होती की कुठल्याही दारातून आत येताना सवयीने मान खाली घालायची. त्या दिवशी आत आल्यावरही ती मान वर झाली नाही.

"बघताय काय?" सर ओरडले. "आभाळातून पडलीय का ती? ये गं, नेटला एक हात कमी पडतोय. ते दुसरं टोक धर."

दुसरं टोक म्हणजे कप्तानच्याच नेटचं. दोघींनी नेट ताणलं. कप्तानने दोरी अशी खेचली की पलीकडे शिडीचा तोल गेला.

"सॉरी," कप्तान म्हणाली. आवाजात सॉरीचा लवलेश नव्हता.

मागच्या वर्षी स्पर्धा ऐन तोंडावर आली असताना शिडी टीम सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात निघून गेली होती. तिथे लाकडी कोर्ट होतं, वेगळा ट्रेनर होता, वर्तमानपत्रात फोटो येत होते. जाताना तिने कोणाला चकार शब्दाने सांगितलं नाही. सरावाला आली नाही म्हणून कप्तान तिच्या घरी धावत गेली, तेव्हा तिच्या आईकडून कळलं. टीम त्या वर्षी पहिल्याच फेरीत सपाटून हरली. पुढे तिकडे शिडीचा गुडघा दुखावला, तिला बाकावर बसवलं, मग हळूच यादीतूनही काढलं. आणि आता ही स्वारी परत. सरांनी तिला एक शब्द विचारला नाही, एक दिवस ताटकळत ठेवलं नाही.

कप्तानला तेच झोंबलं. पाऊस असो, ताप असो, परीक्षा असो, नेट लावायला रोज पहिली येणारी ती. तिला कोणी कधी "ये गं" म्हटलं नव्हतं. जी कुठे गेलीच नाही, तिला ये काय म्हणणार?

कप्तान मुळातच एका जागी ठरणारी नव्हती. बसली तर पाय हलायचा, उभी राहिली तर बोटं. घर बेकरीच्या वर, फरशी कायम कोमट. मम्मी म्हणायची, तळपायाला चटके बसतच वाढली ती, थांबेल कशी? पण देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ती शांत व्हायची. रविवारी उपासनेत दुसऱ्या ओळीतून गाणी म्हणायची, आणि प्रत्येक मॅचआधी टीमला गोल उभं करून, हात धरून प्रार्थना करायची. टीममध्ये देव मानणाऱ्या होत्या, न मानणाऱ्या होत्या, वेगळा मानणाऱ्याही होत्या, पण त्या गोलात सगळ्या यायच्या. "काही नाही तर पोटातला गोळा तरी खाली उतरतो," असं गोटी म्हणायची. गोटी म्हणजे टीममधली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात फटकळ. डावखुरी, मारला की बॉल फुटेल असं वाटायचं.

कप्तान सेटर होती. व्हॉलीबॉलमध्ये पलीकडून आलेला बॉल एकीने वर घ्यायचा, दुसरीने उचलून द्यायचा, तिसरीने मारायचा. ती मधली दुसरी म्हणजे सेटर. टाळ्या मारणारीला मिळतात, पण कोणी मारायचं ते सेटर ठरवते, तेही पापणी लवायच्या आत.

आणि कप्तानने ठरवलं. ठरवलं असं तिने स्वतःलासुद्धा सांगितलं नाही, हातांनीच ठरवलं. पहिल्या मॅचला शिडी धावत आली, उडाली, हात मागे खेचून हवेत टांगली गेली, आणि बॉल गेला दुसऱ्या टोकाला, गोटीकडे. गोटीने मारला. पॉइंट. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळीही. मधूनच एखादा बॉल शिडीला मिळायचा, पण तो अवघड, नेटला चिकटलेला, मारला तर अडणारच असा. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची कला कप्तानला इतकी छान येते, हे कप्तानलाही नवीन होतं.

टीम जिंकत गेली. पण कप्तानचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. मॅचआधीच्या गोलात शिडी नेमकी तिच्या उजव्या हाताला यायची. तिचा लांब, थंड हात हातात घेऊन कप्तान प्रार्थना म्हणायची. 'जशी आम्ही इतरांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर' ही क्षमेची ओळ आली की ती गिळून टाकायची. बाकीच्यांचा आवाज ती ओळ ओढून नेई आणि पुढच्या ओळीला कप्तान पुन्हा सामील होई. कोणाच्या लक्षात येत नव्हतं. देवाच्या लक्षात येत असणार, हे तिला ठाऊक होतं. देवळातही आता पाय हलायला लागला होता. मम्मी गाता गाता तिच्या गुडघ्यावर हात ठेवायची. हात उचलला की गुडघा पुन्हा सुरू.

उपांत्य सामन्यात समोरची टीम तगडी होती. तरी कप्तानने तेच केलं. शिडी प्रत्येक बॉलला धावली, प्रत्येक बॉलला उडाली. नेटपलीकडच्या दोन उंच मुली तिला अडवायला तिच्याबरोबर उडायच्या, आणि तेवढ्यात गोटीसमोर मोकळं रान. गोटीने त्या दिवशी नुसता धुमाकूळ घातला. मॅच जिंकल्यावर सरांनी कप्तानची पाठ इतक्या जोरात थोपटली की तिला ठसका लागला.

"काय डोकं चालवलंस!" ते सगळ्यांसमोर म्हणाले. "शिडीला पुढे करायचं आणि मारायचं दुसरीकडून. समोरच्यांना शेवटपर्यंत पत्ता नाही. शिका जरा हिच्याकडून."

कप्तानच्या कानशिलांत आग पेटली. आपल्या खुन्नसला कोणी डावपेच म्हणावं, आणि वर शाबासकी द्यावी! तिने चोरून बघितलं. शिडी टाळ्या वाजवत होती.

कपडे बदलायच्या खोलीत बाकीच्या गोंधळ घालून निघून गेल्या, तरी कप्तान बुटाच्या नाड्या सोडत, बांधत, पुन्हा सोडत बसली. कोपऱ्यातल्या बाकावर शिडी गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून होती. पट्टा काढलेला. गुडघा पावासारखा फुगला होता.

"बराच सुजलाय," कप्तान म्हणाली.

"हं."

"मग इतक्या उड्या कशाला मारतेस?"

शिडीने वर बघितलं. "तू बॉल देशील म्हणून नाही मारत. तू देणार नाहीस हे मला पहिल्याच मॅचला कळलं."

कप्तानच्या हातातली नाडी निसटली. "मग?"

"मी उडाले की त्या दोघी माझ्याबरोबर उडतात. गोटीला जागा होते. अर्ध्या मनाने उडाले तर त्या फसणार नाहीत, म्हणून पूर्ण उडावं लागतं." तिने पिशवी जरा सरकवली, कळ आली तसे डोळे मिटले. "मागच्या वर्षी पळाले ना मी. तुमची मॅच गेली. आता येते तेवढं करते."

"सरांना का नाही सांगितलंस? माझं?"

"काय सांगू? की मला बॉल द्या?" शिडी कोरडं हसली. "कुठल्या तोंडाने?"

कप्तान बाहेर पडली ती जवळजवळ पळतच. रस्त्याने दोन वळणं चुकली. जन्मापासूनचा रस्ता तो.

अंतिम सामन्याच्या सकाळी ती उजाडायच्या आधीच खाली बेकरीत उतरली. पप्पा लांब टेबलावर पीठ मळत होते. भट्टी धगधगत होती. कप्तानने हात धुतले, एक गोळा ओढला आणि त्यावर मुठी मारायला सुरुवात केली.

"अगं ए, त्या पिठाने काय घोडं मारलंय तुझं?" पप्पा म्हणाले. "मळायचं असतं, बदडायचं नसतं. दगड होईल पावाचा."

मग तिने सांगून टाकलं. सगळं. मळता मळता, पिठाकडे बघत. पप्पांचे हात हळू होत गेले.

"क्षमा कर असं आपण म्हणतो," ती शेवटी म्हणाली. "पण तिने मागितलीच नाही ना, पप्पा. एकदाही माफ कर म्हणाली नाही. नुसती येऊन उभी राहिली."

"तू मागू दिलीस?"

तिने गोळा उलटा केला आणि पुन्हा मळू लागली.

"हे बघ, पोरी," पप्पांनी कोपराने कपाळाचा घाम पुसला. "राग येतो. मलाही येतो. तुझ्या काकाशी मी किती वर्षं बोललो नव्हतो ते तुला माहितीय. पण रागवायचं तर तोंडावर रागवावं. हाताने नाही. तुझे हात सगळ्या टीमचे आहेत, तुझ्या एकटीचे थोडेच?"

"मग आता काय करू?"

"ते मला काय विचारतेस? मी पाववाला. बाजूला हो, ट्रे आत जाऊ दे."

उत्तर न देता तिला बाजूला सारायची ही पप्पांची पद्धत होती. तिला राग आला, पण जिना चढताना तिच्या लक्षात आलं की आपण प्रार्थना करतोय. शब्द असे नव्हतेच. नुसतं, प्रभू, प्रभू, एवढंच.

सामन्याचा हॉल माणसांनी फुलून गेला होता. नेहमीप्रमाणे टीम गोल उभी राहिली, हात धरले गेले, आणि सगळ्या कप्तानकडे बघायला लागल्या.

"आज मला जमणार नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणीतरी म्हणा."

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी गोटीने घसा खाकरला. "मला ते तुमचं बरोबर येत नाही हं. देवा, आम्हाला पाडू नकोस. पाडलंस तर उठव. आणि समोरच्यांचं वाईट कर असं मी म्हणत नाही, पण त्यांच्याकडे जरा कमी लक्ष दे. आता आमेन म्हणायचं ना?"

सगळ्या हसत आमेन म्हणाल्या. कप्तानच्या हातात शिडीचा हात होता. तो तिने घट्ट दाबला. शिडीने चमकून तिच्याकडे बघितलं, आणि शिट्टी झाली.

पहिलाच चांगला बॉल वर आला आणि कप्तानने तो शिडीला दिला. उंच, नेटपासून हवा तेवढा दूर, अगदी ताटात वाढल्यासारखा. आणि शिडीने तो चुकवला! हात बॉलच्या पुढून गेला, बॉल तिच्या डोक्यावर आपटून खाली पडला. प्रेक्षकांत खसखस पिकली. बॉल येणारच नाही असं धरून ती इतके दिवस उडत होती; आलेल्या बॉलचं काय करायचं तेच तिचा हात विसरला होता.

"माझी चूक," शिडी पुटपुटली.

"नाही," कप्तान म्हणाली. "पुन्हा येतोय. तुझ्याकडेच."

पुन्हा दिला. या वेळी बॉल बोटांना चाटून बाहेर गेला. सर बाकावरून उठून ओरडले, "अगं गोटी मोकळी आहे!" कप्तानने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तिसऱ्यांदा शिडीला दिला. हा बॉल शिडीने असा हाणला की पलीकडची मुलगी पुढे आलेले हात मागे घेऊन बाजूला झाली.

मग मात्र मजा आली. समोरच्यांनी आधीच्या मॅच बघून ठेवल्या होत्या. लांबुडकी नुसती हूल देते, मारते ती बुटकी, हे त्यांनी पाठ केलं होतं. आता दोघीही मारत होत्या. पहिले दोन डाव टीमने घेतले. तिसरा समोरच्यांनी घेतला. चौथ्या डावात शिडी एका साध्याच बॉलला उडाली, मारला, पॉइंट झाला, आणि खाली येताना तिचा पाय वळला. आवाज कप्तानला ऐकू आला. वाळलेली काटकी मोडावी तसा.

शिडी ओरडली नाही. फरशीवर बसून गुडघा दोन्ही हातांनी धरून राहिली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिला स्ट्रेचरवर घालून नेलं, तेव्हा तिचे पाय स्ट्रेचरच्या बाहेर लोंबत होते.

टीम हबकली. चौथा डावही गेला. पाचव्या, शेवटच्या डावाआधी सगळ्या बाकाभोवती उभ्या होत्या आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सर काहीतरी समजावत होते, कोणाच्याही कानात शिरत नव्हतं.

"सर, मी बोलू?" कप्तान म्हणाली. "उपांत्य सामन्यात तुम्ही माझं कौतुक केलंत. ते खोटं होतं. तो डावपेच नव्हता. मी शिडीला बॉल देत नव्हते. मुद्दाम. ती परत आल्यापासून. तिला ते माहीत होतं, आणि तरी ती प्रत्येक वेळी पूर्ण उडत होती, बाकीच्यांना जागा व्हावी म्हणून. त्या रिकाम्या उड्यांनी तिचा गुडघा गेलाय."

सर मटकन बाकावर बसले.

"मुद्दाम?" गोटीने विचारलं.

"हो."

गोटीने तिच्याकडे टक लावून बघितलं. "तुला मी नंतर बघते. आत्ता काय करायचं ते बोल."

"उडायचं," कप्तान म्हणाली. "सगळ्यांनी. प्रत्येक बॉलला. मी कोणाला देणार ते बघत थांबायचं नाही. मिळणार नसला तरी मिळणार असल्यासारखं उडायचं. पूर्ण."

शिट्टी झाली. सरांनी कप्तानला बाहेर काढलं असतं तर तिने हूं की चूं केलं नसतं. त्यांनी नुसता कोर्टाकडे हात केला.

त्या डावात टीम जशी खेळली तशी आधी कधी खेळली नव्हती. बॉल वर आला की तिघी-तिघी एकदम धावत यायच्या, उडायच्या. जी कधी मारायची नाही तीही उडायची. समोरच्या मुली या टोकाला धावत, त्या टोकाला धावत, गोंधळून एकमेकींवर आदळत. कप्तान बॉल उचलायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना हवेत माणसं असायची. शेवटचा पॉइंट कोणी मारला यावर त्यांच्यात नंतर कितीतरी वेळ वाद झाला. तीन हात वर होते, बॉल एकाला लागला होता, आणि पलीकडे जमिनीवर पडला होता.

हॉल डोक्यावर घेतला गेला. सर रडत होते. कप्तानने कप उचलायच्या रांगेतून हळूच पाय काढला आणि ती घामट कपड्यांतच बाहेर पळाली.

हॉस्पिटलमध्ये शिडीच्या पलंगाशी तिची आई उभी होती. केस कापायच्या दुकानातून तशीच धावत आली होती; अंगावर एप्रन, एप्रनला कोणाचे तरी पांढरे केस चिकटलेले, खिशातून कात्री डोकावतेय. तिने कप्तानला ओळखलं. "जिंकलात का गं?" तिने विचारलं.

"हो, मावशी," कप्तान म्हणाली, आणि एकाच दमात त्या दोघींना सगळं सांगून टाकलं. शिडीला माहीत होतं ते, तिच्या आईला माहीत नव्हतं ते, आणि बाकापाशी सगळ्यांना सांगितलं तेही. "माफ कर," शेवटी ती शिडीला म्हणाली. "तुझा गुडघा माझ्यामुळे गेला."

आईच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. ती वळली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

"गुडघा आधीच अर्धा गेलेला होता," शिडी म्हणाली. "मी तिकडे गेले कारण मला मोठं व्हायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं. त्याबद्दल तू मला माफ कर. पण हे तुझं..." तिचा आवाज फाटला. "मला खूप राग आलाय तुझा. आजपर्यंत येऊ दिला नव्हता. आता आलाय. आज मला तुझ्याशी बोलायचं नाहीये."

"बरं."

"उद्या ये."

"उद्या येते."

दुसऱ्या दिवशी कप्तान गेली तेव्हा शिडी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. जागी होती, पण वळली नाही. कप्तान तासभर बसली. तिसऱ्या दिवशीही तेच. मावशी तिला पाणी द्यायची, बोलायची नाही. शिडीचं ऑपरेशन झालं. गोटीने कबूल केल्याप्रमाणे कप्तानला गाठून भरपूर सुनावलं, आणि सुनावून झाल्यावर, शिडीला काय काय आवडतं ते विचारून एक पिशवी भरून तिच्या हातात दिली. "माझं नाव सांग. तुझं सांगितलंस तर घेणार नाही ती." सरांनी पुढच्या वर्षीची कप्तान म्हणून गोटीचं नाव जाहीर केलं. कप्तानचं कॉलेजचं शेवटचं वर्ष तसंही संपत आलं होतं, पण कप उचललेल्या फोटोत ती का नाही, हे वर्गातल्या मुली विचारत राहिल्या. ती सांगत राहिली, खरं ते.

रविवारी देवळात ती क्षमेच्या ओळीवर अजूनही अडखळायची. पण आता ती ओळ गिळत नव्हती. बाकीच्यांच्या मागून, एकटीच, उशिरा का होईना, म्हणायची. मम्मी वळून बघायची.

पट्टी सुटल्यावर डॉक्टरांनी शिडीला चालायला लावलं. वॉर्डबाहेर लांबलचक व्हरांडा होता. शिडी कुबड्या टेकत निघाली, आणि कप्तान सवयीप्रमाणे दोन पावलं पुढे, दार उघड, खुर्ची सरकव, वाट मोकळी कर, अशी नुसती भिरभिरत होती.

"अगं, थांब की जरा," मागून शिडी म्हणाली. इतक्या दिवसांत स्वतःहून बोललेलं तिचं पहिलं वाक्य ते. "कुठे आग लागलीय का? शेजारून चाल."

कप्तान थांबली. शिडीने एक कुबडी तिच्या हातात दिली आणि मोकळा झालेला हात तिच्या खांद्यावर टाकला. चांगलाच जड होता तो. मग दोघी निघाल्या, शिडीच्या पावलाने, एक टेकायचं, थांबायचं, मग दुसरं.